हलव्याचा काटा आणि हलव्याचे दागिने

वाटाण्याहून लहान, पांढराशुभ्र आणि अंगभर बारीक काटे असलेला साखरेचा दाणा म्हणजे संक्रांतीचा हलवा. गाजराच्या किंवा दुधीच्या हलव्याशी त्याचे नाते नावापुरतेच. त्याच्या पोटात तीळ, खसखस, साबुदाणा किंवा बडीशेप यांपैकी एखादा दाणा असतो आणि त्यावर साखरेच्या पाकाचे पातळ थर एकावर एक चढवलेले असतात. हा हलवा तिळगुळाबरोबर वाटला जातो आणि त्याचे दागिनेही घडवले जातात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला आणि जावयाला, तर बोरन्हाणाला लहान मुलाला हे दागिने घालण्याची महाराष्ट्रात रीत आहे. साखरपाकाचे कसब आणि दागिने घडवण्याची हस्तकला अशा दोन कला इथे एकत्र येतात. त्यांतली पहिली अवघड आणि न दिसणारी, दुसरी सोपी आणि फोटोत उठून दिसणारी. त्यामुळे दुसरी भरभराटीला आली आणि पहिली मोजक्या घरांत उरली, यात नवल काही नाही.

संक्रांतीचे दोन मुख्य गोड पदार्थ साखरेच्या दोन विरुद्ध गुणांवर उभे आहेत. तिळाच्या वडीला आणि लाडवाला चिकटपणा लागतो. तो गुळात असतो, कारण गुळात साखरेबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि उसाच्या रसातले इतर घटक राहिलेले असतात. ते साखरेचे स्फटिक सहजासहजी बनू देत नाहीत, म्हणून गुळाचा पाक ताणता येतो आणि तीळ धरून ठेवतो. हलव्याचे काम नेमके स्फटिकांवर चालते. त्याला शुद्ध पांढरी साखरच लागते. गुळाचा हलवा करू पाहणाऱ्याच्या हाती चिकट गोळा येतो.

वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात हेच प्रमाण ४८० ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे गरम पाकात मावलेली साखर पाक निवताना आणि त्यातले पाणी उडताना मावेनाशी होते आणि स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडते. आधीचा स्फटिक जवळ असेल तर ती त्याच्यावरच बसते. हलवा करणे म्हणजे हे बाहेर पडणे इतके सावकाश घडवून आणणे, की प्रत्येक वेळी साखर दाण्यावरच बसावी, परातीवर नव्हे.

पाकासाठी साखर जेमतेम बुडेल एवढे पाणी घालून उकळी आणतात. उकळी आली की चमचाभर दूध टाकतात. दुधातील प्रथिने गोठताना पाकातील कचरा धरून वर येतात. ही मळी काढून पाक स्वच्छ कापडातून गाळून घेतात. आजची साखर इतकी स्वच्छ असते की दूध टाकले नाही तरी बिघडत नाही, पण पाकाला चकाकी येते म्हणून बरेच जण ते टाकतात. पाक एकतारीच्या थोडा अलीकडे उतरवायचा. तो जास्त आटला तर साखरेचा भुगा होतो आणि दाणे एकमेकांना धरून बसतात. फार पातळ राहिला तर नवा थर चढायच्या ऐवजी आधीचाच विरघळतो. लिंबाचा रस घालण्याचा मोह टाळलेला बरा. आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो, आणि मग गुळाचीच अडचण इथेही उभी राहते.

पोटातल्या दाण्याची निवड दागिना कोणता करायचा यावर ठरते. खसखशीचा हलवा सर्वांत नाजूक. नथ, कुड्या आणि अंगठीसाठी तो लागतो. साबुदाण्याचा हलवा गोल आणि एकसारखा होतो, त्यामुळे हारांच्या पदरांसाठी त्याला पसंती असते. तिळाचा किंचित लांबट होतो. बडीशेप, लवंग, कलिंगडाच्या बिया, डाळे, शेंगदाणे आणि बदाम यांचाही हलवा करतात. लवंगेचा हलवा लांबोडका असल्याने तो लोंबत्या जागी शोभतो आणि खातानाही वेगळा लागतो. एक हजार तिळांचे वजन सुमारे तीन ग्रॅम भरते, म्हणजे मोठ्या चमचाभर तिळात तीन हजारांच्या आसपास दाणे असतात. एकेक दाणा मूळ वजनाच्या कितीतरी पट वाढणार असतो. नवखे लोक हमखास वाटीभर तीळ घेऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी हात टेकतात. पहिल्या खेपेला चमचाभर पुरे.

तीळ निवडून, हलके भाजून पसरट भांड्यात घेतात. पूर्वी हे भांडे म्हणजे पितळेची परात आणि खाली शेगडीतले राखेने झाकलेले निखारे असत. आता गॅसच्या सर्वांत मंद आचेवर लोखंडी तवा ठेवून त्यावर परात किंवा कढई ठेवतात, म्हणजे आच थेट लागत नाही. तापमानाची परीक्षा बोटांनीच होते: परातीत हात फिरवताना ऊब जाणवावी, चटका बसू नये. आच वाढली की बसलेले थर विरघळतात आणि साखर पिवळसर पडते, आणि पिवळा पडलेला हलवा पुन्हा पांढरा होत नाही.

चमचाभर कोमट पाक दाण्यांवर टाकायचा आणि लगेच बोटांनी दाणे हलवायला लागायचे. आधी ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात, मग चोळता चोळता सुटे होतात, शेवटी कोरडे होऊन परातीत खुळखुळू लागतात. हा आवाज आला की पुढचा चमचा. त्याआधी घाईने पाक टाकला की दाणे जोडले जातात, आणि हलव्यात सर्वाधिक नुकसान या घाईनेच होते. मधूनमधून खाली पडलेली साखरेची भुकटी चाळून काढावी लागते, नाहीतर ती दाण्यांवर वेडीवाकडी बसते. परातीच्या तळाशी साखरेचा पापुद्रा धरला की परात खरवडून, धुऊन, पुसून पुन्हा घ्यावी लागते. रोज तास-दोन तास असे काम केले तर हलवा मनाजोगता व्हायला चार-सहा दिवस जातात. पहिल्या दिवशी नुसतेच पांढरे ठिपके दिसतात. काटा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डोकावू लागतो.

हवामानाचाही त्यात वाटा आहे. पौषातल्या कोरड्या थंडीत पाकातले पाणी लवकर उडते आणि दाणे पटकन निवतात, म्हणून पहाटेच्या गारठ्यात हलव्याला काटा चांगला येतो असा करणाऱ्यांचा अनुभव आहे. हवेतील आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखर हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. त्यामुळे पावसाळ्यात हलवा करणे जवळजवळ अशक्य, आणि मुंबईच्या किंवा कोकणपट्टीच्या दमट हवेत तो देशावरच्या मानाने अवघड. हा पदार्थ संक्रांतीशी जोडला गेला यामागे ऋतूचाही हात असावा.

काटा येतो कसा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पाकाचे थर सगळीकडून सारखे बसले असते तर दाणा गुळगुळीत व्हायला हवा होता. साधी उपपत्ती अशी: दाणा परातीत लोळताना त्याचे उंचवटेच आधी तळाला टेकतात, त्यांनाच पाक आधी लागतो आणि तो तिथेच वाळतो. उंचवटा किंचित वाढला की पुढच्या वेळी पाक त्यालाच जास्त लागतो. खोलगट भाग मागे राहतो आणि फरक वाढत जातो. पाक घट्ट असेल तर तो पसरण्याआधी जागीच गोठतो आणि काटे टोकदार येतात. पातळ असेल तर तो खळग्यांत वाहतो आणि दाणा गुळगुळीत होतो. युरोपातल्या जुन्या मिठाईवाल्यांनाही हे ठाऊक होते. बियांवर साखर चढवताना खडबडीत दाणे हवे असतील तर ते पाक जास्त आटवून घेत.

जपानमध्ये हलव्याचे सख्खे भावंड शोभेल असा पदार्थ आहे: कोंपेइतो. ही काटेरी साखरगोळी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तिथे पोहोचली. १५६९ मध्ये लुईस फ्रोइस या जेझुइट धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीतून ती भेट दिल्याची नोंद आहे. ती करायची कशी हे कोडे जपानी कारागिरांना बराच काळ उलगडले नव्हते. इहारा साइकाकु या लेखकाच्या १६८८ मधल्या एका पुस्तकात या गोळीच्या पोटात तीळ घालण्याची युक्ती आली आहे, हे वाचून मराठी माणसाला गंमत वाटावी. आज तिथे मोठी, तिरकी, फिरती कढई तापवून तिच्यात एक ते दोन आठवडे थेंबाथेंबाने पाक घालून कोंपेइतो करतात. तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) या भौतिकशास्त्रज्ञाला तिच्या काट्यांचे कुतूहल होते आणि त्याने त्यावर लिहिलेही. हलव्याच्या काट्याकडे अशा नजरेने पाहणारा कोणी आपल्याकडे लाभला असता तर बरे झाले असते.

शेजारच्या उत्तर कर्नाटकात हाच पदार्थ कुसुरेळ्ळु म्हणून ओळखला जातो आणि संक्रांतीलाच होतो. महाराष्ट्रात गुढीपाडव्याला लागणारी साखरेची गाठी मात्र अगदी वेगळ्या तंत्राची. तिच्यात दोरा ठेवलेल्या साच्यात दाट पाक ओततात आणि तो एकाच वेळी गोठतो. हलव्यात साचा नाही.

मोठ्या प्रमाणावर हलवा करणारे आता फिरते भांडे वापरतात. औषधाच्या गोळ्यांवर साखरेचे आवरण चढवायलाही असेच भांडे असते. यंत्रात दाणे सतत एकमेकांवर घासतात, त्यामुळे काटा बुटका येतो आणि कधी कधी नुसताच खडबडीतपणा. हाताच्या हलव्याचा काटा लांब आणि नाजूक असतो. दाणा जिभेवर ठेवला की आधी काटे विरघळल्याचे कळते. किमतीतला फरक पाहून कुरकुरणाऱ्या गिऱ्हाइकाने एकदा दोन्ही दाणे शेजारी ठेवून पाहावेत.

दागिन्यांचा भाग इथून सुरू होतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी, पूर्वी चंद्रकळा, नेसवतात आणि हलव्याचे दागिने घालून हळदीकुंकू करतात. एरवी शुभकार्यात टाळला जाणारा काळा रंग या सणाला चालतो. काळे कापड ऊन शोषून ऊब धरते हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. काळ्यावर पांढरा हलवा उठून दिसतो, हे न सांगताच पटणारे.

साखरेच्या दाण्याला सुईने भोक पाडता येत नाही. तो फुटतो. त्यामुळे मण्यांसारखा हलवा ओवण्याचा मार्ग बंद. जुनी पद्धत गाठीची: दुहेरी दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून गाठ आवळायची, मग पुढचा. काट्यांमध्ये दोरा अडकून बसतो आणि दाणा निसटत नाही. फार आवळले तर काटे मोडतात, सैल राहिले तर दाणा गळतो. अशी सर करायला वेळ लागतो, पण ती लवचीक राहते, गळ्याभोवती नीट बसते आणि तिला डिंकाचा थेंबही लागत नाही. दोऱ्याऐवजी जर घेतली तर गाठच नक्षी बनते. दुसरी पद्धत चिकटवण्याची. पुठ्ठा हव्या त्या आकारात कापून त्यावर साटीन, मखमल किंवा सोनेरी कागद चढवायचा आणि त्यावर डिंकाने, फेव्हिकॉलने किंवा गरम ग्लू गनने दाणे बसवायचे. आज बहुतेक दागिने असेच होतात. काम भराभर उरकते आणि आकार ठसठशीत येतो, पण गाठीच्या सरीची झुळझुळ पुठ्ठ्याला येत नाही. चिकटवलेला हलवा खाण्याजोगाही राहत नाही.

प्रत्येक दागिन्याची अडचण निराळी. बांगडीसाठी जुनी बांगडीच सांगाडा म्हणून घेतात, तिच्यावर फीत गुंडाळतात आणि दाणे फक्त बाहेरच्या अंगाला बसवतात. आतून बसवले तर मनगटाच्या घामाने विरघळतात आणि काटेही टोचतात. नथ सर्वांत कसोटीची. बारीक तार वाकवून तिच्यावर खसखशीचा हलवा, मधे एखादा मोती आणि लाल खडा, आणि खाली चाप. वजन जरा वाढले तर नाकावर टिकत नाही. मंगळसूत्रात काळे मणी खरे असतात आणि वाट्या हलव्याच्या. ठुशी आणि चिंचपेटी गळ्यालगत बसतात, म्हणून त्यांना मागून मऊ कापड लागतेच. तन्मणी, राणीहार, बाजूबंद, बिंदी, झुबे, कंबरपट्टा, वेणी, पैंजण अशी यादी हौसेप्रमाणे वाढत जाते. जावयाला हार, हलव्याने मढवलेला नारळ, घड्याळ आणि अंगठी. या घड्याळाचे काटे चालत नाहीत, एवढेच त्याचे वैगुण्य.

रंगाच्या बाबतीत संयम बरा. पूर्वी केशर किंवा हळदीने पिवळी छटा आणत. आता खाण्याच्या रंगांनी गुलाबी, हिरवा, निळा असा हलवा मिळतो. पाकात रंग अगदी शेवटच्या थरांना घातला तर काटा रंगीत दिसतो आणि आत पांढरा राहतो. पण सगळाच संच रंगीबेरंगी केला की तो प्लॅस्टिकच्या मण्यांचा वाटू लागतो. पांढऱ्या हलव्यात सोनेरी जर आणि मोजके लाल खडे ही जुनी जोडणी अजून कोणी मागे टाकलेली नाही.

बोरन्हाण हा लहान मुलांचा समारंभ संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही होतो, मुलाच्या पहिल्या संक्रांतीला किंवा पाच वर्षांपर्यंत एकदा. मुलाला काळे झबले, त्यावर हलव्याचा हार, मुकुट, बाजूबंद; मुलगा असेल तर हमखास मोरपीस आणि बासरी देऊन त्याचा कृष्ण करतात. मग डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा आणि हलवा ओततात आणि जमलेली मुले ते लुटतात. इथे सावधगिरी हवी. कडक हलवा, शेंगदाणे आणि बोराच्या बिया लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. वर्षभराच्या बाळाचा हात दागिन्यावरून थेट तोंडाकडे जातो, म्हणून त्याचे दागिने फोटोपुरते घालून काढावेत आणि ओतायला चुरमुरेच जास्त घ्यावेत. मुकुटाची तार आणि टाचण्या मुलाच्या कपाळाला लागत नाहीत ना, हेही हात फिरवून पाहावे.

या दागिन्यांचा व्यवसाय मुख्यतः घरगुती आहे. दिवाळी उलटली की ऑर्डरी सुरू होतात. पुण्यात तुळशीबागेत आणि मुंबईत दादरच्या बाजारात जानेवारीत तयार संच टांगलेले दिसतात. बऱ्याच ठिकाणी हलवा एकीकडे होतो आणि दागिने दुसरीकडे. दागिने करणाऱ्या बाई हलवा किलोवर विकत घेतात आणि पुठ्ठा, जर, मणी यांचे काम स्वतः करतात. परदेशातल्या मराठी कुटुंबांकडेही संच जातात. वाटेत दाणे गळू नयेत म्हणून प्रत्येक दागिना पुठ्ठ्यावर टाक्याने बांधून, मधे कापूस घालून खोक्यात बसवतात. घेताना दागिना हलक्या हाताने झटकून पाहावा. दाणे लगेच गळाले तर डिंक कमी पडला आहे. मागची बाजू उघडी असेल तर कापड लावून मागावे.

घरी करायचे असतील तर मार्गशीर्षात हलव्याला लागावे आणि दागिन्यांसाठी निदान चार दिवस मोकळे ठेवावेत. तयार दागिने हवाबंद डब्यात, तळाशी कापडात बांधलेले कोरडे तांदूळ ठेवून, मुंग्यांच्या वाटेपासून दूर ठेवायचे. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बाहेर काढताच त्यांच्यावर पाणी धरते आणि काटे विरघळतात. नीट ठेवले तर दागिने पुढच्या संक्रांतीपर्यंत टिकतात, पण एका पावसाळ्यानंतर काटा बोथट झालेला दिसतोच.